खिंडीतला आठवा भारा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी कायम तोंडावर हसत आलोय. कोल्हापूरला महाराजांच्या पागेत मी नालबंद. घोड्याची लाथ एकदा बसली की माणसाला कळतं, आहे ते आहे आणि नाही ते नाही. तरीही हे लिहितोय...

माघातली गोष्ट. नेसरीकडं नाल ठोकायला गेलो होतो. तिथं तात्या म्हणून ओळखीचे शेतकरी, त्यांच्या गोठ्यात माझी घोडी रेशमा व्याली. शिंगरू मेलेलंच आलं. तेव्हापासून तिनं गवताला तोंड लावलं नाही. पोटच्या पोरीसारखी वाढवलेली घोडी डोळ्यांदेखत वाळत होती आणि माझे सगळे उपाय थकले होते.

त्यातच महाशिवरात्र आली. शिवशाहीत याच दिवशी नेसरीच्या खिंडीत अवघे सात स्वार अख्ख्या फौजेवर तुटून पडले, ते परतलेच नाहीत. तात्यांच्या घरात त्या दिवशी खिंडीत गवताचे सात भारे टाकायची रीत. मला हसूच आलं.

"माणसांस्नी समदी फुलं वाहत्यात," तात्या म्हणाले. "घोड्यांची याद कुणाला हाय? रेशमाला बी घेऊन चला की, उस्ताद."

दुपार कलली होती. तात्यांनी भारे बैलांना टाकावेत तसे खेटून टाकले. मी चेष्टा करत होतो खरा, पण धंद्यातला हात गप्प बसेना. घोडे खेटून उभे केले की लाथा झाडतात. म्हणून मी एकेक भारा अंतर राखून मांडला आणि शेवटी रेशमासाठी आठवा टाकला.

तिनं कान टवकारले. ओळीतली आपली जागा ठाऊक असावी तशी ती आठव्यापाशी जाऊन उभी राहिली... आणि खाऊ लागली. तिचा एक दात तुटका, चावताना टक् टक् वाजायचा. तो आवाज ऐकून मला रडू फुटलं. मी डोळे मिटले — तर कानावर भरल्या पागेचं चघळणं आलं. संथ, एका लयीत. मधूनच शेपटीचा सपकारा. मानेवर कोमट श्वास, तोही रेशमा नव्हती त्या बाजूनं. भीती वाटलीच नाही. हे असंच चालू राहावं असं वाटत होतं. डोळे उघडले तर ऊन, धूळ आणि सातही भारे जसेच्या तसे.

"आलं न्हवं ऐकू?" तात्यांनी हळूच विचारलं.

रेशमा पुढं पुष्कळ जगली. दर शिवरात्रीला आम्ही दोघं खिंडीत जायचो. गेल्या पावसाळ्यात ती म्हातारी होऊन गेली. यंदा एकटाच गेलो. सात भारे मांडले. आठव्याला हात अडखळला, पण टाकला. डोळे मिटून बसलो.

तेच चघळणं... आणि ओळीच्या शेवटी, टक् टक्.

याचा खुलासा माझ्याकडं आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असला, तर कृपा करून मला कळवू नका.