शेठच्या सहीखालची रेघ

आमचे शेठ अख्ख्या राजकारणात कुणालाही 'नाही' म्हणाले नाहीत. शपथेवर सांगतो, सतरा वर्षं मी त्यांच्या ऐरोलीच्या ऑफिसात पत्रं टाइप केली. कुणाला नोकरी हवी, कुणाला नळ हवा, कुणाला पोलिसांनी उचललेली रिक्षा परत हवी; शेठचं उत्तर एकच, "लिव रं पत्र." माणूस चहा पिऊन, पत्र घेऊन हसत जिना उतरायचा.

शेठ तळवलीचे, म्हणजे आमच्याच गावचे. बाप मिठागरात राबलेला. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या तेव्हा तरण्या शेठनं मोजणीच्या जीपपुढे आडवं पडून मार खाल्ला, त्याची खूण डाव्या भुवईवर होती. त्या खुणेवर ते नगरसेवक झाले, मग आमदार, आणि थोडा काळ राज्यमंत्रीसुद्धा. पक्ष तीन बदलले. कुणी टोमणा मारला की म्हणायचे, "झेंडा बदलला, भुवई तीच हाय." लोक हसायचे. मीही हसायचो.

पत्रांची गंमत मला उशिरा कळली. गंमत कसली, पाप! सहीखाली रेघ मारलेली असली तर साहेब लोक काम करायचे. रेघ नसली तर पत्र फायलीत. हे शेठला ठाऊक, साहेबांना ठाऊक आणि मला. मी एकदा चाचरत विचारलं, तर म्हणाले, "मानूस आशेवर मत देतो. ती आपन कशाला मोडायची?" तेव्हा मला ते मोठं शहाणपण वाटलं होतं. आग लागो त्या शहाणपणाला.

मग माझ्या आक्काला घर पाडायची नोटीस आली. आक्का माझी थोरली बहीण, नवरा गेलेला, तळवलीत दोन खोल्या, बस्स. ती ठेवणीतलं लुगडं नेसून, डब्यात सुक्या बोंबलांचं कालवण घेऊन ऑफिसात आली. शेठ तिच्यासमोर जेवले. "आक्का, आमच्या आयची चव हाय तुझ्या हाताला," म्हणाले, आणि डोळे पुसले. ते खोटं नव्हतं हो, मी पाहिलंय. पत्र मी टाइप केलं, जीव ओतून. शेठनी सही केली.

आक्का खाली उतरल्यावर मी म्हणालो, "शेठ, रेघ राहिली."

"राहिली नाय."

"सख्खी बहीण आहे माझी."

"तिथनं रस्ता जातोय, बाला. वरनं ठरलंय. मी नको म्हनलो तर पुढच्या खेपेला तिकीट नाय." मग पेनाचं टोपण लावत म्हणाले, "तुझा पोरगा बरा हाय ना नोकरीत?"

पोराची नोकरी शेठच्या रेघेची होती.

अजून पंधरा दिवस हातात होते. मी आक्काला फक्त एवढं सांगायला हवं होतं की पत्रावर विसंबू नकोस, वकील गाठ. शेजारचे तिघे कोर्टात गेले. "तुमी जावा. माझ्याकडं शेठचं पत्र हाय," म्हणून आक्का घरी बसली. तिनं ते लॅमिनेट करून घेतलं होतं.

जेसीबी आला त्या सकाळी तिनं पत्र दोन्ही हातांनी वर धरलं. "सायेब, सही बघा!" साहेबानं खरंच पाहिली. सही पाहिली, सहीखालची कोरी जागा पाहिली, आणि जेसीबीवाल्याला हात केला. मी रस्त्यापलीकडे उभा होतो.

शेजाऱ्यांची घरं अजून उभी आहेत. रस्ता आक्काच्या रिकाम्या जागेपाशी येऊन अडलाय.

शेठ निवडणुकीत दोनदा पडले आणि गेल्या वर्षी वारले. तिकीट मिळालं होतं, दोन्ही वेळा. तळवलीत अंत्यदर्शनाला आक्का घणसोलीच्या भाड्याच्या खोलीतून चालत आली. शेठच्या पायांवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मग पदरानं तोंड पुसत मला म्हणाली, "त्या सायबानंच मान राखला नाय. शेठनं मनापासनं दिलं होतं ना रं पत्र? तू होतास तवा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षं मी शेठकडे होतो.

"हो आक्का," म्हणालो, "मनापासून."