बिनघटाचं घर

नेकनूरच्या आमच्या गल्लीत नवरात्रात घट न बसणारं घर एकच, आमचं. सासऱ्यांच्या वडलांपासून आम्ही ख्रिस्ती. नवरा सकाळच्या एसटीनं बीडला नोकरीवर जातो, मी घरी शिवणकाम करते. शेजारी आक्का. मेंढ्यावाली बाई, तरणेपणीच नवरा गेलेला, एकुलतं एक पोरगं. आमची भिंतीला भिंत. तिच्या फोडणीचा ठसका मला लागायचा आणि माझ्या मशीनची खडखड तिला.

आक्काला प्रभूची ओळख करून द्यायची, हे मी लग्न होऊन आले तेव्हाच मनात घेतलं होतं. आमच्यात त्याला साक्ष देणं म्हणतात. मी येशूच्या वचनांची पत्रिका दिली, तिनं ती भाकरीच्या टोपल्यात खाली अंथरली. नाताळात करंज्या नेल्या. करंज्या खाल्ल्या आणि वर म्हणते कशी, "तुझ्या देवाला बोकड लागंना, उपास लागंना. लई सस्तात पडला की गं तुला!" मी फणकारून घरी यायचे आणि दुसऱ्या दिवशी कालवणाची वाटी घेऊन पुन्हा तिच्याच दारात. ती मला हाक मारायची तीसुद्धा "इसूवाले" अशी. पण तिच्या देव्हाऱ्यातला दिवा एक दिवस विझावा आणि तिला खरा उजेड दिसावा, अशी मी रोज प्रार्थना करायचे. अगदी मनापासून करायचे.

गेल्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला, सोयाबीन काढताना तिच्या पोराला घोणस चावली. शेतातल्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मधे धरून बीडच्या दवाखान्यात नेलं. मागोमाग आक्का निघाली, ती आधी माझ्या दारात आली. नवरात्रात ती चप्पल घालत नाही, पाय धुळीनं भरलेले. मला वाटलं, आता म्हणेल, तुझ्या येशूला सांग. इतक्या वर्षांनी! मी हातातलं कापड टाकून उठलेच.

"माझा दिवा संबाळ," आक्का म्हणाली.

घट बसला की त्याच्यापुढचा दिवा दसऱ्यापर्यंत विझू द्यायचा नाही, घराला कुलूप घालायचं नाही, कुणीतरी घरात पाहिजेच. आणि आता तर पोराचा जीव टांगणीला. दिवा गेला तर पोरगं जाईल, हे तिनं तोंडानं म्हटलं नाही, पण तिच्या डोळ्यांत तेवढंच होतं.

"आक्का, मी? अगं, मी प्रार्थना करते की त्याच्यासाठी."

"प्रार्थना कर. मी कुटं नकू म्हन्ले? पन तेलबी घाल."

"दुसरं कुणी..."

"कोन? समद्या गल्लीत घट बसलेत. जिचा तिला दिवा. एक तूच मोकळी हायेस."

आणि गेली बाई, माझ्या होय-नाहीची वाटही न बघता.

इकडं आड, तिकडं विहीर! नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तेल घालणं म्हणजे काय पूजा नव्हे. कंदिलात घालत नव्हतो का आपण?" आणि वर, "पण माळ पण बांधणार का तू?" ह्या माणसाला विचारण्यापेक्षा भिंतीला विचारलेलं बरं. मग आमच्या चर्चच्या पाळकांना फोन केला.  ते म्हणाले, "बाई, बायबलचं वचन काय सांगतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आणि शेजारीण संकटात आहे, तेही ठाऊक आहे." झालं! आता ह्यातून माणसानं काय उचलावं आणि काय ठेवावं? माझं डोकं भणभणायला लागलं.

काज-बटणाचं काम घेऊन मी आक्काच्या घरी जाऊन बसले. मनाशी ठरवलं, तेल घालायचं. घटाखालच्या मातीत पाणी शिंपडायचं, कोंब वर आलेत, झाडाला पाणी घालण्यात कसलं आलंय पाप. माळ मात्र नाही. एवढं ठरवल्यावर मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या घरातली सून उंबऱ्यात कारळ्याची फुलं ठेवून गेली. पिवळीधमक. ओवायला काय, सुई तर माझ्या रोजच्या हातातली, म्हणून ओवली. ओवलेली माळ हातात घेऊन बसले. मग उठले आणि घटावर सोडली. का, ते मला विचारू नका. ते पोरगं माझ्याच ओसरीवर रांगायला शिकलं होतं.

प्रार्थनेची तर आणखीच पंचाईत. डोळे मिटून "प्रभू, लेकराला वाचव" म्हणायचं आणि डोळे उघडले की समोर देवीचा टाक. पाठ करून बसले तर दिवा दिसेना, तोंड करून बसले तर मला चोरी केल्यासारखं वाटे. शेवटी कुशीवर निजावं तशी तिरकी बसले. त्या बसण्याचं माझं मलाच हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मी साक्ष देत होते की माझीच साक्ष बुडवत होते, काही कळत नव्हतं. तेल मात्र वेळच्या वेळी घालत होते.

पाचव्या माळेला, सकाळी, फोन आला. पोरगं गेलं.

दिवा तेवत होता. मी त्याच्याकडं बघतच राहिले. मी दिवा राखला होता, प्रार्थनाही केली होती. दोन्हीकडून मी काही कमी केलं नव्हतं.

दुपारी त्याला आणलं. चकलांब्याहून भावकी जीप करून आली. गल्लीतल्या बाया रस्त्याच्या पलीकडं उभ्या राहून तोंडात पदर कोंबून रडत होत्या, अलीकडं मात्र येईनात. प्रत्येकीच्या घरी घट, सुतकाच्या घराला शिवायचं कसं? त्यांना मी बोल लावत नाही. उन्हातच सगळं उरकलं, माणसं माळावरून परत आली, आणि मग अंगणात नवा घोळ सुरू झाला. सुतक पडलं, आता घट उठवला पाहिजे. पण उठवायचा कुणी? आक्काला सुतक, भावकीला सुतक, गल्लीतलं कुणी हात लावायला तयार नाही. एक म्हणे शेजारच्या गावातून कुणी आणा, दुसरा म्हणे असं चालत नाही, तिसरा म्हणे आमच्याकडं चालतं. आवाज चढायला लागले.

आतून आक्का म्हणाली, "ती उठवंल. तिला ना सुतक, ना घट."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेले.

जो दिवा विझावा म्हणून मी इतकी वर्षं गुडघे टेकले, तो असा माझ्या स्वाधीन झाला. आक्कानं स्वतःच्या तोंडानं दिला. एक फुंकर मारायची आणि मोकळं व्हायचं. माझ्यानं होईना.  मी खाली बसले. फक्त तेल घालायचं थांबवलं, जळेल तेवढं जळू दे म्हटलं.

आक्का सरकत सरकत आली आणि भिंतीला टेकली. तिच्या डोळ्यांतलं पाणीसुद्धा संपलं होतं.

"इसूवाले," ती म्हणाली, "तुझा देव काय करत व्हता गं तवा?"

ह्याची उत्तरं आमच्या पत्रिकेत असतात. मला पाठ आहेत. देवाची काहीतरी योजना असते, हे वाक्य तर पार ओठांवर आलं होतं. बाई गं! स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटली मला.

"मला म्हाईत न्हाई, आक्का," मी म्हणाले, आणि मला जे रडू फुटलं ते आवरेना. मला खरंच माहीत नव्हतं. आजही नाही.

"मंग इतकी वर्सं सांगत व्हतीस ते?"

मी डोळे पुसले.  बाहेर अंगणात अजून वाद चालूच होता, दहाव्याला कुणी काय करायचं, कसं करायचं. मला वाटलं, आता आक्का म्हणेल, ऊठ, जा तुझ्या घरी. मी उठायला लागले.

तिनं माझा पदर धरला.

"म्हाईत न्हाई तर बस हितं," ती म्हणाली. "म्हाईत आसनारे समदे बाहीर बसलेत."

मी बसले. तिनं डोकं माझ्या मांडीवर टाकलं आणि मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. दिवा कधी शांत झाला, आम्हा दोघींनाही कळलं नाही.