मामांचं आवाळू

माझ्या मामांनी मला आयुष्यात जेवढे धक्के दिले, तेवढे नारायणगाव-खोडद रस्त्यानं एसटीलाही दिले नसतील. त्यांच्या द्राक्षबागेच्या कोपऱ्यात एक वेल होती. घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या वस्तूची परीक्षा आधी त्या बिचारीनं द्यायची. खोकल्याचं औषध तिच्या बुंध्याला ओतलं जाई. टीव्हीवर बघून सुनेनं आणलेली गोरं करणारी क्रीमही आधी तिच्या पानांना फासली गेली. "माणूस खोटं बोलतो, राव. येल न्हाई बोलत," असं मामा वर ऐकवायचे.

मामांच्या गालावर बोराएवढं आवाळू होतं. साखरेच्या आजारानं मामींची नजर गेलेली, आणि मामांच्या तिन्ही भावांचा आवाज हुबेहूब मामांसारखा. म्हणून मामा घरात आले की आधी गाल पुढं करायचे. हाताला आवाळू लागलं की मामी चहा टाकायला सांगायच्या.

पुढं ते आवाळू चिघळलं. मी मामांना पुण्याला नेलं, तिथं ते कापून काढलं. टाके काढल्यावर डॉक्टरांनी एक ट्यूब दिली. "यात ग्रोथ फॅक्टर आहेत. रोज लावा, वण राहणार नाही."

ग्रोथ म्हणजे मामांच्या लेखी द्राक्षांना देतात ते संजीवक. त्यात घड बुडवला की मणी फुगतो. ते ताडकन उठले. "वाढवायचंच व्हतं, तर कापलं कशाला?"

"ते कातडीला नीट भरून यायला सांगतं, आवाळूला नाही," डॉक्टर हसू दाबत म्हणाले.

आठवड्यानं मामांच्या गावी, खोडदला गेलो आणि थेट बागेत शिरलो. कोपऱ्यातल्या वेलीचा एक घड त्या ट्यूबमधल्या जेलनं चकचकत होता. मामा शांतपणे म्हणाले, "मणी फुगला न्हाई. म्हंजी आवाळू परत येत न्हाई. आता लावतो."

मग जेल त्यांनी रोज इमानानं लावलं आणि वण खरोखरच विरत गेला. फक्त कानाकडचं टोक जाड, खरबरीत राहिलं. तिथं त्यांनी बोटच लावलेलं नव्हतं. मी चिडून ट्यूब उघडली. म्हटलं, "मामा, एवढंच कशाला ठेवलंत? आणा गाल इकडं."

मामांनी ओसरीवर जाऊन मामींपुढं गाल धरला. मामींची बोटं गालभर फिरली, गोंधळली. मग ती कानाजवळच्या त्या टोकावर येऊन थांबली.

"आलं व्हय तुमी," मामी म्हणाल्या, आणि आत वळून त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मी ट्यूबचं झाकण लावून टाकलं.