मोहित्यांची शनिवारची सीडी

फतेगंजातल्या त्या शिक्षणसंस्थेत जयवंतराव मोहित्यांचा खरा वार म्हणजे शनिवार. सकाळी साडेसातला तरसालीहून त्यांची स्कूटर निघे. डिकीत डबा, आणि डब्यावर स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली सीडी. लिनक्सच्या दुरुस्त्या आठवडाभर इंटरनेटवरून थोड्या थोड्या उतरवून त्यांनी या सीडीवर भरलेल्या असत. संस्थेत चौतीस मशीनं. प्रत्येकापुढे बसायचं, दुरुस्त्या चढवायच्या आणि मशीनच्या पाठीवर चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर तारीख घालून झोकदार सही ठोकायची.

"आवो मोहितेभाई, चा पीने जजो," असं प्रत्येक प्रयोगशाळेतून बोलावणं यायचं. मोहिते नको नको म्हणत चार कप चहा रिचवायचे. नको म्हणण्यातही एक रुबाब असतो, तो त्यांना साधला होता.

रुबाब असायला कारणही होतं. आजोबा गायकवाडी फौजेत जमादार, वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात, आणि हे १९८६ साली संस्थेत टंकलेखक म्हणून चिकटले. संगणक आले तेव्हा बाकीचे टंकलेखक धास्तावले. मोहित्यांनी मात्र मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून स्वतःच लिनक्स शिकून घेतलं. शिकवायला कोणी नव्हतं, विचारायलाही कोणी नव्हतं. खंडेनवमीला आजोबांच्या तलवारीशेजारी ते त्या सीडीलाही हळदकुंकू वाहत. पहिल्या वर्षी त्यांची बायको मंदा पोट धरून हसली. दुसऱ्या वर्षीपासून सीडीसाठी वेगळं झेंडूचं फूल काढून ठेवू लागली.

२००८च्या फेब्रुवारीत निरुपमा आली. वय सव्वीस, राहणार अकोटा, घराणं शास्त्र्यांचं, नोकरी सहा महिने कच्ची. आल्या आल्या तिने सगळ्या मशीनांवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली आणि एक रिकामं मशीन मागून घेऊन त्याचं भांडार केलं. बाहेरून येणारं सॉफ्टवेअर आणि दुरुस्त्या एकदाच या भांडारात उतरायच्या, आणि बाकीच्या मशीनांनी तिथून घ्यायच्या. माल कुठून घ्यायचा याची प्रत्येक मशीनमध्ये एक यादी असते. मोहित्यांनी वर्षानुवर्षं जमवलेले पत्ते त्या यादीतून पुसून तिने भांडाराचा पत्ता लिहिला. सुरक्षेच्या दुरुस्त्या तर रोज पहाटे आपोआप चढायला लागल्या. कुणी बसायला नको, उठायला नको.

त्यानंतरच्या शनिवारीही मोहिते सीडी घेऊन आलेच. पहिल्याच मशीनमध्ये सीडी घातली आणि पडद्यावर इशारा आला, की हा माल कुणाचा याची खात्री होत नाही.

"मोहितेकाका, नवी आवृत्ती शिक्का तपासते," निरुपमा पुढे होऊन म्हणाली. "भांडारातल्या मालावर ओळखीचा शिक्का असतो. आपल्या सीडीवर नाही ना. आता तुम्हाला शनिवारचं यायलाच नको, काका. आराम करा."

आराम करा! ती चांगल्या मनाने म्हणाली, हे मोहित्यांनाही कळत होतं, आणि म्हणून तर ते जास्तच झोंबलं. नऊ वर्षं ज्या मशीनांना अंगाखांद्यावर खेळवलं, त्यांनी विचारावं, तुम्ही कोण?

मग जळणं सुरू झालं. चहाची बोलावणी आता निरुपमाला जाऊ लागली. "निरुपमाबेन हुशार छे," असं शिपाई म्हणाला, तर मोहित्यांनी दोन दिवस त्याच्याकडे पाणी मागितलं नाही. पुठ्ठ्यांवरच्या तारखा फेब्रुवारीत थांबल्या होत्या. घरी मंदाला म्हणायचे, "काल आलेली पोर, आणि मला शिक्का शिकवते!" मंदा म्हणायची, "मग शिका की." या उत्तरावर ते जेवणावरून उठले नाहीत एवढंच.

एप्रिलच्या अखेरीस एका दुपारी त्यांच्या हातून ते झालं. प्रवेशयाद्या ज्या मशीनवरून जगाला दिसायच्या, त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे होताच. त्या मशीनमधली पत्त्यांची यादी उघडली आणि सुरक्षेच्या भांडाराची जी ओळ होती, तिच्या आधी # हे चिन्ह टाकलं. या चिन्हापुढे जे लिहिलं असेल ते मशीन वाचतच नाही. बस, एक चिन्ह. आठ दिवसांनी ते सापडल्याचा आव आणायचा, चारचौघांत काढायचं आणि म्हणायचं, आपोआप आपोआप म्हणता, पण माणसाची नजर लागतेच हो! बेत असा साधा होता. पण पुतण्याचं लग्न आलं, मग आंबे आले, मग सुटी आली. चिन्ह राहून गेलं.

जूनमध्ये प्रवेशयादी लागायच्या दिवशी सकाळी संस्थेचं पान उघडलं, तर यादीच्या जागी जुगाराच्या जाहिराती नाचत होत्या. न बुजवलेल्या भोकातून कुणीतरी आत शिरलं होतं. फाटकाशी पालकांची झुंबड उडाली. प्राचार्यांनी निरुपमाला बोलावलं. दार उघडंच होतं, सगळ्यांना ऐकू गेलं.

"जबाबदारी माझी आहे, सर," ती म्हणत होती. "सगळी मशीनं मीच लावली आहेत."

प्राचार्य म्हणाले, कच्च्या नोकरीचा विचार आज संध्याकाळी करू.

मोहित्यांना आनंद झाला. लपवून काय उपयोग, झाला. क्षणभर छाती हातभर फुगली. मग आठवलं की ते चिन्ह अजून तिथेच आहे, आणि ते घाईघाईने आपल्या खुर्चीकडे गेले. ते काढलं की सुंठीवाचून खोकला गेला.

पासवर्ड घालून त्या मशीनमध्ये शिरताच पडद्यावर नेहमीची ओळ आली: तुमच्यासाठी टपाल आहे. ही ओळ लिनक्सवर सगळ्यांना दिसते आणि कुणीच तिच्याकडे बघत नाही. मशीन स्वतःशी बडबडतं, असं मोहिते नऊ वर्षं समजत आले होते. पण चोराच्या मनात चांदणं. मशीनने आपलं नाव कुणाला सांगितलं तर नसेल? त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ते टपाल उघडलं.

सगळ्यात जुनं पत्र फेब्रुवारीतलं होतं, रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी.

'मोहितेकाका, सगळ्या मशीनांचा रोजचा अहवाल तुमच्या एकट्याच्या नावाने लावला आहे. पुठ्ठ्यावर सही तुमची असायची, म्हणून. माझं काही चुकलं तर तुम्हाला आधी कळेल, मग मला रागवा. निरुपमा.'

त्याखाली रोजचं एक पत्र. एप्रिलपर्यंत सगळं ठीक. त्यानंतर एकेचाळीस पत्रांत एकच वाक्य: प्रवेशयादीचं मशीन, सुरक्षेचं भांडार बंद, लक्ष द्यावे. एकेचाळीस सकाळी मशीन त्यांना हाका मारत होतं. त्यांनाच. ज्या मानासाठी ते झुरत होते, तो फेब्रुवारीपासून दारात उभा होता.

मोहित्यांनी चिन्ह काढलं नाही. पहिलं पत्र आणि शेवटचं पत्र छापून घेतलं आणि ते प्राचार्यांच्या खोलीत गेले. निरुपमा अजून तिथेच उभी होती.

"ती ओळ मी बंद केली होती, साहेब. एप्रिलमध्ये. हिचा काही संबंध नाही."

प्राचार्यांनी चष्मा काढला. "पण शा माटे, मोहितेभाई?"

लग्नाची गडबड, चुकून बोट लागलं, वय झालं. कारण म्हणून सांगण्याजोगं पुष्कळ सुचलं. जमादाराच्या नातवाने त्यातलं काही सांगितलं नाही.

"अदेखाई, साहेब," हेव्याचा गुजराती शब्द उच्चारून ते म्हणाले. "बीजुं कंई नहीं."

निरुपमाने त्यांच्या हातातला कागद पाहिला, आपलं पत्र ओळखलं.

"काका," तिने विचारलं, "तुम्ही एकही वाचलं नव्हतं?"

"नाही ग," जयवंतराव म्हणाले. "पहिलं आज वाचलं."