वेल्माने तीन उमेदवारांना विचारलेले चार प्रश्न

वेल्मा शेरामीची ओळख करून द्यायची तर आधी तिच्या प्रश्नांची करून द्यायला हवी. डॉक्टरने गोळी दिली की ही विचारणार, पोटात गेल्यावर गोळीला कसं कळतं की दुखतंय ते गुडघ्यात. फादरने प्रवचनात नोहाच्या नावेची गोष्ट सांगितली की दारात त्यांचा हात धरून विचारणार, एवढ्या जनावरांचं शेण कोण उपसत होतं. फादर नवे होते, त्यांना वाटलं बाई चेष्टा करते. चेष्टा नव्हती हो. तिला खरंच हवं होतं उत्तर.

आमची घरं खाडीच्या पार खालच्या टोकाला, खांबांवर उभी. तिचं वय एकाहत्तर, माझं अठ्ठ्याहत्तर. दोघींची शाळा मिळून सात वर्षं, त्यातली चार तिची. पन्नास वर्षं ती कोळंबीच्या बोटींची जाळी विणत आली. घराखाली, खांबांच्या मधल्या सावलीत, जाळं टांगलेलं असायचं आणि वेल्मा हातात लाकडाची चपटी पट्टी घेऊन बसलेली. प्रत्येक गाठ त्या पट्टीवर मापून मारायची. एक भोक मोठं, एक लहान असलं की ती अख्खी ओळ उसवायची. बोटवाले चिडायचे, पण जाळी तिच्याकडेच आणायचे.

मागच्या वर्षी ऑगस्टात वादळ आलं. आम्ही सगळे वर उत्तरेला पळालो होतो. परत आलो तर वेल्माच्या घराचं छप्पर नाही, आणि आत गुडघाभर चिखल. तिचे दोन विमे होते, एक वाऱ्याचा, एक पुराचा. आमच्याकडे दोन्ही वेगळे घ्यावे लागतात. वाऱ्याची कंपनी म्हणाली, हे पाण्याचं काम. पुराच्या विमावाल्यांनी जमिनीचे आणि खालच्या भिंतींचे थोडे पैसे दिले आणि म्हणाले, छप्पर वाऱ्याने नेलं, आमचा संबंध नाही. चौदा महिने वेल्मा निळ्या ताडपत्रीखाली राहिली. पाऊस आला की पलंग सरकवायचा.

तिची मुलगी रेनेला टेक्ससला असते. तिने निकाल देऊन टाकला. "मम्मा, नाताळपर्यंत छप्पर झालं नाही तर जागा विकायची आणि माझ्याकडे यायचं. कबूल?"

"तुझ्याकडे खिडकीतून काय दिसतं गं?" वेल्माने विचारलं.

"शेजाऱ्यांचं गॅरेज."

"बंद असतं की उघडं?"

"मम्मा."

"कबूल," वेल्मा म्हणाली. आणि वेल्मा शब्द देते तेव्हा तो पाळतेच.

यंदाच्या शरदात आमच्या राज्यात विमा आयुक्ताची निवडणूक होती. गव्हर्नर, शेरीफ यांच्यासारखाच हा माणूसही आम्ही मतं देऊन निवडतो. आजवर मी त्या रकान्यात ओळखीचं आडनाव दिसेल तिथे खूण करत आले. आमच्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, तू कुणाकडचा. तेवढं कळलं की बाकीचं कळल्यासारखंच.

यंदा तिघे उभे होते. क्लोव्हिस तेर्बोन, म्हणजे आमच्याच खाडीचं आडनाव. त्याची आजी आणि माझी आई एका टेबलाशी बसून खेकडे फोडायच्या. त्याची पाटी मी अंगणात कधीच रोवली होती. दुसरी पामेला ऑस्टर, राजधानीतली वकीलबाई. तिसरा वेंडेल क्रॅट्झ, पार उत्तरेचा, जिथे लोक भाताऐवजी बटाटे खातात.

पाटी बघून वेल्मा म्हणाली, "हा निवडून आला तर करणार काय?"

"करणार काय म्हणजे? आपला आहे तो."

"आपला तर तुझा भाऊ रोलंडपण होता. त्याला तू कोंबड्या तरी सांभाळायला दिल्यास का?"

मी पाटी सरळ करायला गेले. रोलंडचं नाव निघालं की हाताला काम शोधणं बरं.

"विमा आयुक्त सकाळी उठून कचेरीत जातो, खुर्चीवर बसतो, मग काय करतो? मला तेच कळत नाही," ती म्हणाली. "ते कळलं तर माझ्या छपराचं त्याच्या हातात काही आहे का, तेही कळेल."

दुसऱ्या दिवशी तिने तीन हिरव्या दोऱ्या घराखालच्या तुळईला बांधल्या. एकेका उमेदवाराची एकेक. आणि चार प्रश्न ठरवले. एक, आमच्या टोकाच्या घरांना कंपन्या विमाच देत नाहीत, त्याचं काय करणार? दोन, जी कंपनी वादळानंतर दिवाळं काढून पळाली तिच्या गिऱ्हाइकांना कोण भरून देणार? तीन, वाऱ्याने नेलं की पाण्याने, हे कोण ठरवतं, आणि ठरवायला किती महिने लावू शकतात? चार, पुराच्या विम्याचा हप्ता दुप्पट झालाय, तो खाली आणणार का?

"सगळ्यांना हेच चार, याच शब्दांत, सकाळची कॉफी झाल्यावर," ती म्हणाली. "एकाला गोड विचारलं आणि एकाला कडू, तर मग तुलना कसली."

सरळ उत्तर आलं तर एक गाठ. 'नाही', 'बघू', 'मनावर घेऊ', 'हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे' याला गाठ नाही.

फोन माझ्या घरून केले, कारण माझ्याकडे छप्पर होतं. क्लोव्हिसच्या कचेरीतली मुलगी इतकी गोड बोलली की मीच तिला घरी जेवायला बोलावणार होते. चारही प्रश्नांना हो. विमा मिळणार, पैसे मिळणार, महिन्यात निकाल, पुराचा हप्ता निम्मा. चार गाठी. माझी मान ताठ झाली. पामेलाबाईंच्या माणसाने कागद वाचून दाखवला, त्यातून तीन गाठी निघाल्या, आणि पुराचा हप्ता उतरवायचं वचन त्यातही होतं.

क्रॅट्झच्या नंबरवर क्रॅट्झनेच फोन उचलला.

"माणसं नाहीत वाटतं तुमच्याकडे?" वेल्माने विचारलं.

"दोन आहेत. दोघंही जेवायला गेलीत."

"सकाळी दहाला?"

"तेच मी त्यांना विचारणार आहे."

मग तिने प्रश्न विचारले. पहिल्याला तो म्हणाला, कंपनीवर मी जबरदस्ती करू शकत नाही, केली तर आहेत त्याही जातील. दुसऱ्याला म्हणाला, काही भरून मिळेल, सगळं नाही. चौथ्याला म्हणाला, पुराचं माझ्या हातात नाही. तिसऱ्यावर मात्र तो थांबला आणि उलट विचारू लागला. छप्पर कधी गेलं? पाणी कधी आलं? तक्रार केलीत का?

"कुणाकडे?"

"आयुक्ताच्या कचेरीत. आत्ता जे बसलेत त्यांच्याकडे. वाऱ्याच्या कंपनीविरुद्ध तक्रार घेणं हे त्यांचं कामच आहे. माझी वाट कशाला बघता बाई, मी हरलो तर?"

फोन ठेवल्यावर वेल्मा वैतागली होती. "'नाही', 'सगळं नाही', 'हातात नाही'. मत मागायला निघालाय की उपास सांगायला?"

वाट दाखवली म्हणून तिसऱ्या प्रश्नाची एक गाठ त्याला मिळाली. बाकी दोरी तिथे लोंबत होती, बोडकी.

गाठी बांधून झाल्या तरी वेल्माच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. दोघं म्हणतात हप्ता उतरवतो, तिसरा म्हणतो माझ्या हातात नाही. दोन्ही खरं कसं असेल? चार दिवस ती भेंडी चिरताना मध्येच थांबायची. मग तिने बर्फाची पेटी उघडली. आमच्याकडे घराचे सगळे कागद मासे गार ठेवायच्या रिकाम्या बर्फाच्या पेटीत ठेवतात, आत पाणी शिरत नाही; वादळ आलं की पेटी उचलायची आणि निघायचं. वर्षानुवर्षं आम्ही ते कागद उत्तरेला नेतो आणि परत आणतो. वाचायचं कुणी?

वेल्माने बोट ठेवून वाचलं. वाऱ्याच्या विम्याच्या कागदावर कंपनीचं नाव होतं आणि खाली बारीक अक्षरांत, तक्रार असल्यास राज्याच्या विमा आयुक्तांकडे. पुराच्या कागदावर केंद्र सरकारचं नाव होतं, वॉशिंग्टनचं. आमच्या राज्याचा शब्द नाही.

वेल्मा मला म्हणाली, "युला, पुराचा विमा वॉशिंग्टनचा आहे. आयुक्ताचा नाहीच. मी प्रश्नच चुकीचा विचारला."

"सगळे तोच विचारतात."

"म्हणून तर. आपण इथे जन्मलो की आधी पाणी म्हणायला शिकतो. पण मी चुकीचा प्रश्न विचारला आणि दोघांनी त्याला खुशाल 'हो' म्हटलं. हे कसं?"

मी म्हटलं, क्लोव्हिस आपला आहे, त्याच्या कचेरीतल्या मुलीला कळलं नसेल.

"त्यालाच विचारू," ती म्हणाली. रविवारी चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं आणि क्लोव्हिस येणार होता.

क्लोव्हिस आला, गंबोची, आमच्या भेंडी-कोळंबीच्या रश्शाची, दुसरी वाटी मागून घेतली, आजीची आठवण काढून डोळे पुसले. मीही पुसले. मग वेल्मा उठली आणि म्हणाली, पुराचा हप्ता निम्मा करायला तुम्ही कुठल्या कचेरीत जाणार, तिचं नाव सांगा.

तो हसला. "तुम्ही कुणाकडच्या, मावशी?"

"लग्नाआधीची दुए."

"ओव्हिल दुए तुमचे कोण?"

"चुलते."

"अहो, मग आपण नातलग झालो की." लोक हसले, टाळ्या वाजल्या, आणि तो दुसऱ्या टेबलाकडे वळला. वेल्मा उभीच राहिली, हातात कागद धरून. आयुष्यात पहिल्यांदा मला नात्याची लाज वाटली.

घरी येऊन तिने क्लोव्हिसची चौथी गाठ सोडली. पामेलाबाईंचीही पुराची गाठ सोडली. मग दोऱ्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, "तो उत्तरेचा म्हणाला होता, छप्पर कधी गेलं, पाणी कधी आलं. आपण इथे नव्हतो. पण कोणीतरी असेल ना?"

हा प्रश्न घेऊन ती सगळी खाडी फिरली. मागे राहिलेले लोक थोडे, आणि वादळात घड्याळ बघतं कोण. कुणी म्हणालं दुपारी, कुणी म्हणालं देवाला माहीत. पाचव्या दिवशी ती पुलाच्या खोपटात पोचली. आमच्या खाडीवर बोटी जाताना उचलायचा पूल आहे आणि त्याचा राखणदार नोलन पित्र. वादळात त्याची गाडी चालू झाली नाही म्हणून तो तिथेच अडकला होता. पुलाला काहीही धडकलं की वहीत लिहायचं, ही त्याची नोकरी.

"पत्रा?" नोलन म्हणाला. "एक लागला होता खरा कठड्याला. हिरवा."

"माझं छप्पर हिरवं होतं, नोलन."

"मला काय माहीत कुणाचं. तुम्ही विचारलं नाहीत."

"चौदा महिने झाले."

"तुम्ही विचारलं नाहीत," तो पुन्हा म्हणाला, आणि वही काढली. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं, हिरव्या पत्र्याचं अर्धं छप्पर वाऱ्याने येऊन उत्तरेच्या कठड्यावर आदळलं, रस्ता कोरडा. संध्याकाळी सहा वीस, पाणी रस्त्यावर. मध्ये चार तास दहा मिनिटं, म्हणजे छप्पर नेलं ते वाऱ्यानेच.

वेल्माने ते पान तीनदा वाचलं. मग नोलनला विचारलं, की तू एकटा तिथे, जेवलास काय? तो म्हणाला, गारच्या गार बीन्स. हे तिला का हवं होतं, मला माहीत नाही.

पानाची प्रत आणि तक्रारीचा कागद तिने मतदानाच्या आठ दिवस आधी टपालात टाकला, त्याच कचेरीला, जिच्या खुर्चीसाठी हे तिघे भांडत होते.

मतदानाला आम्ही एकत्रच गेलो. वेल्माने वेंडेल क्रॅट्झला दिलं आणि सगळ्यांना सांगितलं. मी कुणाला दिलं ते विचारू नका. क्लोव्हिसची पाटी मात्र मी आदल्या संध्याकाळी उपटली होती. क्रॅट्झ तिसरा आला. आमच्या टोकाला त्याला अकरा मतं पडली. गावात दोन आठवडे एकच चर्चा, बाकीचे दहा कोण?

आयुक्ताच्या कचेरीचं पत्र गेल्यावर, नोव्हेंबरच्या शेवटी, वाऱ्याच्या कंपनीने दुसरा तपासनीस पाठवला. आधीचा आला होता तो गाडीतून उतरलाही नव्हता. हा शिडी घेऊन आला, नोलनची वही बघायला पुलावर गेला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पत्र आलं. छपराचे पूर्ण पैसे देणार. आतल्या भिंतींबद्दल अजून विचार चालू आहे. "म्हणजे काय?" असं वेल्माने पत्रालाच विचारलं, पण हसत.

नाताळच्या नऊ दिवस आधी पत्रे चढले. त्या संध्याकाळी तिने रेनेलाला फोन लावला. मी शेजारीच होते, कोळंबी सोलत.

"छप्पर झालं," वेल्मा म्हणाली.

मला वाटलं, आता ही मुलगी भिंतींचं काढणार, जमिनीचं काढणार. काढण्यासारखं होतंच.

"सगळं झालं?" रेनेलाने विचारलं.

"वरचं झालं. भिंती नाहीत नीट. एका खोलीला जमीन आहे."

"एकाच?"

"एकाच. पण कोरडी."

"मग पोरांना घेऊन येते नाताळला," रेनेला म्हणाली. "जमिनीवर झोपू. गाद्या आहेत का, की त्याही मी आणू?"

"तुमच्या गाडीत किती मावतात?" वेल्माने विचारलं.