तपासणीपुरत्या बाई

मुलं तिला आम्लबाई म्हणायची. धर्मसंस्थेच्या त्या शाळेत प्रयोगशाळेची मदतनीस म्हणून एकोणीस वर्षं तिनं परीक्षानळ्या घासल्या होत्या. रसायनशास्त्राची पदवी होती, शिक्षकाची परीक्षाही ती पास झालेली. तरी शिक्षिकेच्या जागेसाठी तीनदा केलेला अर्ज तीनदा नाकारला गेला. वर शेरा एकच: धर्मगुरूंचं पत्र जोडलेलं नाही. ती त्यांच्या धर्माची नव्हती, पत्र आणणार कुठून? प्रयोग मात्र तीच करून दाखवायची, कारण विज्ञानाचे सर आम्लाची बाटली दिसली की दोन पावलं मागं सरत.

यंदा कायदा बदलला. सरकारी अनुदान हवं असेल तर नोकरी देताना धर्म बघायचा नाही. तपासणीच्या सकाळी मुख्याध्यापकांनी तिला बोलावून घेतलं. एरवी तिच्याकडे ढुंकूनही न बघणारे गृहस्थ आज पाघळले होते.

"बाई, नववीचा तास आज तुम्ही घ्या. तपासणीच्या मॅडमनी विचारलं तर सांगा, चार वर्षं शिकवतेय."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या बघू. एवढा तोरा कशाला? संस्थेनं पोटाला लावलंय ना तुम्हाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तरी ती वर्गात गेली. असा तास तिनं घेतला की मागच्या बाकावर बसलेल्या तपासणी अधिकारी बाई लिहायच्या थांबून बघतच राहिल्या.

"छान शिकवता. किती वर्षं झाली?"

दारातून मुख्याध्यापकांनी चार बोटं दाखवली.

"शिकवायला? आज सकाळपासून," ती म्हणाली. "नळ्या घासायला एकोणीस वर्षं. का, ते माझ्या अर्जांवर लिहिलंय. यांच्याच कपाटात आहेत."

अर्ज निघाले. अनुदान अडकलं. अधिकारी बाईंची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच विज्ञानाचे सर प्रयोगशाळेत अंगावर धावून आले.

"घरभेदी! आमच्या पगारावर उठलीस?"

"पगार शिकवायचा घेता ना, सर? मग या आम्लाच्या बाटलीचं बूच उघडून दाखवा."

सर दोन पावलं मागं सरले. मागोमाग मुख्याध्यापक आले, लालबुंद.

"उद्यापासून यायचं नाही!"

"तसं लेखी द्या. कारणासकट."

त्यांनी तावातावानं कागद ओढला, तारीख घातली, तिचं नाव लिहिलं. आणि कारणापाशी पेन थांबलं.

ती हात पुसत समोर स्टुलावर बसली. "लिहा ना, सर. मला घाई नाही."