मल्लव्वाचं कन्नड

मल्लव्वाचा सगळा संसार सोलापुरात झाला, तरी तिचं मन मात्र कन्नडातच मोकळं व्हायचं. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सुनेशी ती मराठी बोलायची. देवाशी, लेकीशी आणि धाकटी बहीण नीलव्वा हिच्याशी कन्नड. माहेर अक्कलकोटच्याही पलीकडचं, त्याला कोण काय करणार?

दोघी बहिणी जुळे सोलापूर भागातल्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये कडक भाकऱ्या करायच्या. ज्वारीची पातळ भाकरी, मंद आचेवर पापडासारखी कडक होईस्तोवर वाळवलेली. आधी ओळखीची चार घरं गिऱ्हाईक होती. मग सून आली उत्कर्षा, कुर्डुवाडीच्या रेल्वेतल्या माणसाची लेक. तिनं भाकरीला पाकीट दिलं, पाकिटावर सासूचं नाव टाकलं आणि इन्स्टाग्रामवर पेज काढलं. थापणारे हात, परातीतला तो ठेका, टम्म फुगलेली भाकरी. पुण्या-बेंगळुरूच्या ऑर्डरी येऊ लागल्या. मल्लव्वा वरवर कुरकुरायची, "म्हातारीचं तोंड काय दाखवतीस लोकास्नी?" पण शूटिंगच्या दिवशी इरकल लुगडं नेसायला विसरायची नाही. उत्कर्षा ते बघायची आणि गालात हसायची.

हळूहळू फडताळावर टेकवलेल्या त्या मोबाइलची बहिणींना इतकी सवय झाली, की तो तिथं आहे हेही त्या विसरल्या. उत्कर्षा एरवी व्हिडिओवर एखादं गाणं घालायची. एका दुपारी मात्र तिला थापण्याचा आवाज आणि त्यावर चाललेलं ते कन्नड फार गोड वाटलं, म्हणून तिनं खरा आवाज तसाच ठेवला. कन्नड तिला 'या, बसा, जेवा' याच्यापुढं येत नव्हतं. वर लिहिलं, 'सासूबाई आणि मावशींच्या गप्पा', आणि दिलं सोडून.

व्हिडिओ असा पळाला, की आधीचा एकही तसा पळाला नव्हता. विजापूरकडच्या कुणा बाईनं खाली कन्नडात लिहिलं होतं, आजी, लेकीला म्हणावं धीर सोडू नको. उत्कर्षानं त्यावर लाल बदाम ठेवला.

त्या गप्पा होत्या मल्लव्वाच्या लेकीच्या, संस्कृतीच्या. ती अक्कलकोटला दिलेली, लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. सासू येता-जाता टोचायची. तपासण्यांत दोष निघाला होता तो जावयात, चनमल्लप्पात. पण नवऱ्याला चारचौघांत मान खाली घालावी लागू नये म्हणून संस्कृतीनं तो आपल्या अंगावर घेतला होता. आईचा हात डोक्यावर ठेवून तिनं एवढं एकच मागितलं होतं, की हे तुझ्यापाशीच राहू दे. आईचंच काळीज ते. एवढं ओझं तिला एकटीला पेललं नाही. नीलव्वाच्या पुढ्यात तिनं ते उतरवलं, आणि आता अख्ख्या सीमाभागानं ते ऐकलं होतं.

संस्कृतीचा फोन आला. "अव्वा, तो व्हिडिओ काढून टाकायला सांग," एवढंच म्हणाली आणि ठेवला. नंतर किती फोन केले तरी उचलला नाही.

मल्लव्वानं सगळा राग सुनेवर काढला. "तुजं दुकान चालायला माज्या लेकीचा संसार लागला व्हय?" उत्कर्षा रडत रडत सांगत होती, "आत्या, शपथ घेते, मला काहीच कळलं नव्हतं." तिनं व्हिडिओ काढून टाकला, पेजही बंद केलं. पण तोवर तो कुणाकुणाच्या व्हॉट्सॲपवर जाऊन बसला होता. मल्लव्वाच्या मुलानं, इंद्रजीतनं, अशा वेळी मुलगे करतात तेच केलं. हेल्मेट घातलं आणि बाहेर पडला.

शेवटी मल्लव्वा एसटीनं अक्कलकोटला गेली. जावयाच्या चपला दारात होत्या, जावई मात्र आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. स्टेशनरीचं दुकान त्यानं आठवडाभर उघडलं नव्हतं. विहीणबाई खाली मान घालून तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्या तोंडातलं टोचणं गेलं होतं, आणि खरं सांगायचं तर मल्लव्वाला त्याचं थोडं बरंही वाटलं. मग तिला बंद दार दिसलं आणि ते बरं वाटणंही गेलं.

संस्कृतीनं पाणी दिलं आणि आईला परसात नेलं. मायलेकी बोलल्या अर्थातच कन्नडात. त्याचं मराठी असं:

"उत्कर्षाला मी लई बोलले. पेज बंद करायला लावलं," मल्लव्वा म्हणाली.

"वहिनीला कुटं येतंय कन्नड? तिचं काय चुकलं?"

"तिनं मोबाइल ठेवला नसता तर..."

"तर नीलव्वा मावशीला ठाऊक झालंच होतं की."

"नीलव्वा काय परकी हाय व्हय?"

"परकी न्हाय. पण मी तिला न्हवतं सांगितलं, अव्वा. तुला सांगितलं होतं."

लेकीचा आवाज चढला नव्हता, डोळ्यांत पाणीही नव्हतं. ती रडली असती तर बरं झालं असतं, असं मल्लव्वाला परतीच्या गाडीत सारखं वाटत राहिलं.

घरी आल्यावर ती सुनेच्या खोलीच्या दारात उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, आणि सासूनं सुनेची माफी कशी मागावी हे तिला कुणी शिकवलंही नव्हतं. "तुजं काय चुकलं न्हाय," ती म्हणाली. "माज्या तोंडानं घात केला. पेज चालू कर." उत्कर्षानं मान हलवली, पण पेज सुरू करायला तिनं बरेच दिवस घेतले. पुढं मोबाइल लावायच्या आधी ती सांगू लागली आणि दोघी बहिणी तेवढा वेळ गप्प बसू लागल्या.

संस्कृती सणासुदीला बोलायची, तेही ख्यालीखुशालीपुरतं. ऊन-पाऊस, दुकान उघडलं, तब्येत बरी. लेक बोलत होती, पण सांगत काहीच नव्हती. आईला तेवढं कळतं. मल्लव्वा ते मुकाट सोसत राहिली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी भाकरी थापता थापता फोन वाजला. लेकीचं नाव बघून मल्लव्वा पिठाच्या हातानंच शेडबाहेर गेली, पार बोअरपाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. मध्येच तिनं पदर डोळ्यांना लावला, मग हसलीही.

परत येऊन ती परातीपुढं बसली. नीलव्वाचे हात थांबले होते. जन्मात एकमेकींपासून काही लपवलेलं नव्हतं.

"काय म्हणती गं पोरगी?"

मल्लव्वानं उंडा हातात घेतला.

"काय न्हाय. तू थाप."